वरचे सोळा के

९ ऑक्टोबर ९३, शनिवार

गल्ली अजून अंगणात झोपते. भूकंप झाला तिकडं लांब, पण इथं भांडं पडलं तरी बायका लेकरं उचलून बाहेर पळतात. मीपण बाहेरच झोपतो, उगाच शूर कशाला व्हा. मान आखडली आहे.

मानवतच्या मोंढ्याचा फलक नक्की झाला. बाजार समितीच्या सचिवांनी तोंडी होकार दिला. मूग, उडीद, ज्वारी, तूर, करडई, सगळ्यांचे भाव दिव्यांच्या अक्षरांत, मराठीत, लांबून वाचता येतील असे. मिलिंदनं सायकलवरूनच विचारलं, "झालं का?" झालं म्हटल्यावर सायकल भिंतीला न लावता तशीच आडवी टाकून आत आला.

आता झोप आणखी उडणार. हे चाललं तर आमच्या दोघांचं दुकान उभं राहतं. नाही चाललं तर मी पुन्हा पुण्यात कुणाच्या तरी हाताखाली, आणि मि. पुन्हा घरोघर शिकवण्या घेत. मला पुण्याला जायचं नाही. इथंच राहून हेच काम करायचं आहे, आणि ते मि.शिवाय होणार नाही. हे त्याला कधी बोललो नाही. बोलायचं काय त्यात.

११ ऑक्टोबर

सकाळपासून मेमरीचा नकाशा. प्रोसेसर झेड-८०, त्याला एका वेळी चौसष्ट के, म्हणजे किलोबाइट, दिसतात. आमचा पसारा त्याच्या दुपटीहून जास्त. नुसत्या जोडाक्षरांनी जीव खाल्लाय.

नंदानं भाजी निवडता निवडता विचारलं, "दिवसभर त्या चौकोनात काय शोधायलात?" तिला सांगितलं तसंच इथं लिहून ठेवतो, लिहिलं की माझंही डोकं जागेवर राहतं.

खालचे सोळा के कर्नलचे. कर्नल म्हणजे घरातला कर्ता. कुणी कधी काम करायचं ते तो ठरवतो, स्वतः जागचा हलत नाही. मधले बत्तीस के म्हणजे खिडकी. खिडकीमागं कर्नल पाहिजे ती बँक, म्हणजे मेमरीचा एक गठ्ठा, आणून लावतो, कधी फलकाचा प्रोग्राम, कधी भावांचा, कधी अक्षरांची रॉम. समोर येईल त्याला वाटतं सगळं मशीन आपलंच, ह्या पत्त्यावर दुसरं कुणी राहतच नाही. आणि वरचे सोळा के सामाईक. खिडकीत काहीही येवो जावो, वरचं सगळ्यांना कायम दिसतं. स्टॅक म्हणून वरच ठेवायचा. हातातलं काम सोडून दुसरीकडं जाताना परत कुठं यायचं, ते प्रोसेसर स्टॅकवर लिहून ठेवतो. स्टॅक खिडकीत ठेवला आणि खिडकी बदलली की परतीचा पत्ता गेला.

नं. म्हणाली, "सामाईक विहिरीसारखं." अगदी तसंच. बायको शाळेत मास्तरीण आहे, पटकन पकडते.

१२ ऑक्टोबर

आमच्याकडं वाटणीची रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. त्यामुळं थोरला वाकडे वाटे पाडत नाही. मि.पेक्षा मी थोडा मोठा, म्हणून कामाचे वाटे मी पाडले. एका वाट्यात कर्नल आणि भाव, दुसऱ्यात फलक आणि अक्षरं. वरचे सोळा के दोघांचे, तिथं कुणाचं नाव नाही.

मला वाटलं होतं मि. कर्नल उचलेल, त्याचा हात माझ्यापेक्षा साफ. त्यानं अक्षरं उचलली. "लोकायला तीच दिसणार," म्हणाला.

दुपारी त्यानं त्याचा डबा काढला. पाण्याची बाटलीपण घरचीच. नं. सुट्टीच्या दिवशी दरवेळी म्हणते, जेवा की आमच्यासोबत. तो म्हणतो, दुसरीकडचं पाणी पिलं की घसा धरतो. एवढा नाजूक घसा परभणीत दुसरा नसेल.

२१ ऑक्टोबर

'मूग' उमटला. ऊकार आधी एक घर सरकून पडत होता, मग बसला जागेवर. मि. उठून रस्ता ओलांडून पलीकडं गेला, तिथून वाचलं, परत आला. "वाचायला येतंय." माझे डोळे भरून आले. पाठ करून सोल्डरगन पुसत बसलो.

एप्रॉम, म्हणजे प्रोग्राम भरायच्या चिपा, पुसायचा दिवा गेला. नवा पुण्याहून येईपर्यंत जुन्या एप्रॉम गच्चीवर उन्हात ठेवायच्या, वरच्या काचेतून ऊन जाऊन कोऱ्या होतात. शेजारच्या काकूंनी मिरच्यांच्या वाळवणाशेजारी जागा दिली आणि विचारलं, हे किडे कशाला वाळवायलास. ह्या चालीनं फलक पुढच्या सुगीला होईल. वर जाऊन बघतो, खाली येतो, परत वर जातो. ऊन काही त्यानं वाढत नाही.

४ नोव्हेंबर

आप्पा आला वालूरहून. पिशवीत पेरू, जवसाची चटणी. आई गेल्यावर मला आंघोळ घालून शाळेत सोडणारा भाऊ हा, अजूनही आल्या आल्या माझ्या अंगाकडं बघतो, वाळलास म्हणतो.

वाटण्या करून टाकू म्हणाला. त्यानं वाटे पाडलेत. एक, विहिरीवरची जमीन. दुसरा, माळावरची जमीन आणि परभणीचं हे घर. नेकीनं पाडलेत, नाव ठेवायला जागा नाही. "तू धाकटा, तू उचल. घाई न्हाई, संक्रांतीपतोर सांग."

विहीर उचलली तर घर आप्पाच्या वाट्याला. मग पुढच्या खोलीतलं मि.चं नि माझं कामाचं सगळं सामान कुठं न्यायचं.

५ नोव्हेंबर

हे लिहावं की नाही.

आप्पा निघायच्या आधी मागच्या अंगणात मला बाजूला घेऊन बोलला. बाजूला म्हणजे काय, त्याचा आवाज शेतातला. मि. पुढच्या खोलीत फलकाच्या पट्ट्या जोडत होता.

"इद्यापीठाच्या नावाचं पुन्ना निघालंय. गावात लय गरम हाय. तू हितं शहरात, तुला काय. आमाला गावात ऱ्हायचंय. लोक इचारायलेत, तुमच्या घरात कोण येऊन बसायलंय म्हणून. समदं थंड होईस्तोर त्याला म्हणावं, घरनं काम कर."

'तो माझा भागीदार आहे आप्पा,' एवढं वाक्य तोंडात तयार होतं. चपलेचा अंगठा बघत उभा राहिलो. आप्पा मि.बद्दल वाईट काही बोलला नाही ना, मग कशाला वाद, असं दिवसभर स्वतःला सांगतोय आणि पटत नाही.

आप्पाला एसटीत बसवून आलो तेव्हा मि. मान खाली घालून सोल्डर करत होता. ऐकलं की नाही कळलं नाही. मीही विचारलं नाही.

८ नोव्हेंबर

मि. म्हणतो, घरनं काम करतो. "तिथं उजेड बरा हाय." ऐकलं होतं तर.

मी म्हणालो, बरं. रिक्षात त्याचा संगणक ठेवायला मदत केली. वायरी नीट गुंडाळून दिल्या, जसं काही मोठं काम केलं. रिक्षा भीमनगरकडं वळेपर्यंत दारात उभा राहिलो.

१३ नोव्हेंबर, दिवाळी

फ्लॉपी येते जाते. मि. दारात येऊन देतो, मी दारात घेतो. नं.नं फराळ बांधून दिला, तो घेऊन गेला. बसा म्हणालो तर, "पोरं वाट बघायलेत, शिकवणी हाय." म्हणजे शिकवण्या परत सुरू केल्यात.

२२ नोव्हेंबर

सचिवांची यादी वाढली. हरभरा, गहू, सूर्यफूल, शिवाय पळत्या अक्षरांत सूचना. माझे भावांचे तक्ते वरच्या सोळा केमध्ये मावेनात. मि. फ्लॉपी घेऊन आला तेव्हा म्हणालो, "वर जागा पुरंना रे." म्हणाला, "बघतो." आज आलेल्या फ्लॉपीत वर बरीच जागा मोकळी झालेली आहे. कशी केली कोण जाणे. माझं काम झालं, मी तक्ते पसरले.

मीपण कर्नलमध्ये एक सुधारणा केली. आधी लाईट घसरली की प्रोसेसरला इशारा मिळायचा आणि तो जागच्या जागी थांबायचा. आता इशारा आला की भाव जपून ठेवतो, आणि लाईट सावरली तर होता तिथं परत जाऊन काम पुढं चालू करतो. फलक विझत नाही. झकास चालतं. मि.ला सांगायचं राहिलं.

२ डिसेंबर

मानवत. फलक चढला. शिडीवर मि., खाली मी, दोघांच्याही अंगावर मोंढ्याची धूळ.

अडते अजून रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतात. एक म्हातारे अडते वर बघून म्हणाले, "म्हंजे आता आमच्या बोटाला काम न्हाई म्हणा." मि. शिडीवरून म्हणाला, "बोटं तुमचीच ऱ्हाऊ द्या मामा, आमी फकस्त निकाल सांगायलोय." सगळे हसले. शेतकरी गाड्या सोडून खाली उभे राहून मोठ्यानं वाचत होते. एकानं तीनदा वाचलं.

येताना एसटीत आम्ही शेजारी बसलो. फलकाचं बोललो, फलकाचं संपल्यावर दोघंही बाहेर बघत बसलो. पूर्वी ह्या माणसाची बडबड थांबवावी लागायची.

९ डिसेंबर

शेजारच्या दुकानात सचिवांचा फोन. फलकावर 'तूर' होतं तिथं नुसते ठिपके नाचायला लागले आणि मग अंधार. बंद करून चालू केला की ठीक. शेतकऱ्यांना वाटलं, तूर बंद झाली.

१४ डिसेंबर

परत तेच. पहिल्या गाडीनं मानवतला गेलो. दिवसभर समोर बसलो तर फलक शहाण्यासारखा चालला. मी परभणीत उतरतो न उतरतो तोच निरोप, बंद पडला.

मि.चंच काहीतरी असणार. त्याला तसं म्हणालो. तो म्हणाला, "कर्नल तुझं हाय." शेतात बांध कुणी कोरला म्हणून भांडतात तसं झालं आमचं. समोर बसून एकेक गोष्ट तपासली असती तर तासाभराचं काम. पण समोर बसतंय कोण. दारात उभं राहून किती बोलणार.

२० डिसेंबर

सचिव सरळ बोलले. संक्रांतीपर्यंत नीट चालला तर ठेवू, नाही तर उतरवून न्या, पुण्याची पार्टी तयार आहे. चहा पाजूनच बोलले, त्यानं जास्त लागलं.

घरी नुसता येरझारा घालतोय. नं. म्हणाली, फरशी झिजेल.

२३ डिसेंबर

मानवत. धरलं. मोंढ्याशेजारच्या कापसाच्या जिनिंगची मोटार सुरू झाली की लाईट क्षणभर डोळा मारते. फलक त्याच वेळी मरतो. पण दरवेळी नाही, हीच तर खोड आहे. लाईट पूर्ण गेली आणि आली तर काही होत नाही, सगळं नव्यानं सुरू होतं. नुसती घसरून सावरली तर कधीतरी.

इथं माझ्या टेबलावरच्या चाचणीच्या फलकाला स्टॅबिलायझर. मला कसं दिसणार.

२७ डिसेंबर

स्टॅबिलायझर काढला. एका हातानं बटण पटकन बंद-चालू करत बसलो, दुसरा हात मीटरवर. बऱ्याच वेळानं मेला. प्रोसेसर पळून कुठं गेला तो पत्ता पकडला. तिथं ना कर्नल, ना भाव, ना फलक. काहीच नाही. असा पत्ता आला कुठून? चहा गार झाला.

मग ओळखला. तो पत्ता नव्हताच. ते 'र' ह्या अक्षराचे ठिपके होते.

म्हणजे असं. फलकाच्या प्रोग्रामला 'र' पाहिजे. कर्नल खिडकीत अक्षरांची रॉम लावतो. नेमकी तेव्हा लाईट घसरते. प्रोसेसर परतीचा पत्ता स्टॅकवर लिहितो. पण स्टॅक वर नाहीच, तो खिडकीत आहे, आणि खिडकीत ह्या घडीला रॉम. रॉमवर लिहिलं जात नाही. पत्ता हवेत गेला. लाईट सावरली की प्रोसेसर पत्ता वाचायला जातो आणि 'र'चे ठिपके वाचून भलतीकडं पळतो.

मि.नं स्टॅक वरून काढून स्वतःच्या बँकेत नेलाय. वर मोकळी झालेली जागा ती ही.

२८ डिसेंबर

ज्यानं मला हे कॉलेजात शिकवलं, स्टॅक कधी खिडकीत ठेवू नये म्हणून, त्यानंच ठेवला. न कळून नाही. त्याला वर राहायचं नव्हतं.

चैन पडत नाही. माझी ती सुधारणा काढून टाकली, लाईट घसरली की थांबायचं असं परत केलं, तर पळून जाणं थांबेल. पण मग मोटार सुरू होईल तेव्हा फलक विझणार, सचिव ते चालवून घेणार नाहीत. खरा उपाय एकच, त्याचा स्टॅक परत वर. त्याचा प्रोग्राम मी उघडणार नाही. तो त्याचा वाटा आहे.

चौकातल्या चहावाल्याकडं निरोप ठेवला. कळलं की मि. औरंगाबादला गेलाय, संक्रांतीला येईल.

५ जानेवारी ९४

आप्पा कोर्टाच्या कामाला आला होता. सांगून टाकलं, घर उचलतो. तो बराच वेळ पायावरची धूळ झटकत बसला. "हीर सोडायलास? इचार करून सांगायलास ना?" म्हणालो, काम आहे माझं ह्या खोलीत. "आन त्यो?" "तोपण." एवढं तरी आलं तोंडातून. आप्पा चिडला नाही. सह्यांना बावीसला येतो म्हणाला, आणि जेवायला न थांबता गेला.

विहीर गेल्याचं वाईट वाटतंय. पोहायला तिथंच शिकलो, आप्पानंच कमरेला दोरी बांधून सोडलं होतं. पण हलकंही वाटतंय. आता खोली माझी. मि. आला की सांगायचं, परत ये, कुणी काही बोलणार नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. एसटी बंद, मोंढा बंद. गल्लीतली सगळी दारं लावलेली. भीमनगरकडून फटाके आणि घोषणा ऐकू येतात. गल्लीत कुणी कुणाशी बोलत नाही. एकानं बाहेरून कडीला कुलूप लावून, मागच्या दारानं आत जाऊन खिडकीत उभं राहायचं ठरवलंय. तिकडं खेड्यांत घरं जाळल्याचं ऐकतो, कुठलं खरं कुठलं नाही.

मि. आला असेल. आज जायला पाहिजे, तिळगूळ घेऊन. शर्ट घातला, चप्पल घातली. मग लक्षात आलं की मला त्याचं घर माहीत नाही. इतकी वर्षं तोच येतो. भीमनगर म्हणजे कुठलीशी गल्ली, पुढं काय?

गेलो नाही. घर माहीत नाही म्हणून नाही, भीती वाटली म्हणून. नं.नं माझ्या पायातली चप्पल बघितली.

१६ जानेवारी, रविवार

गेलो. पानाच्या टपरीवर विचारलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले, मग एका माणसानं दारापर्यंत आणून सोडलं. पुढच्या खोलीत संगणक, वर नीट झाकलेलं फडकं. उजेड खरंच बरा आहे.

मि.च्या आईनं पाणी दिलं, तिळगूळ दिला. "इतके दिस नुसतं नावच ऐकायलोय तुमचं. बसा की." मी पाणी पिलो. घसा धरण्याचं आठवलं. ह्या माणसाला माझ्या घरचं पाणी का बाधत होतं ते मला आज, इथं, हातात पेला असताना कळावं. आमच्याकडं त्याला एवढ्या वर्षांत पाण्याला कुणी नाही म्हणालं नव्हतं. पण आधी कुठंतरी कुणीतरी म्हणालं असणार, आणि तो परत ती वेळ येऊ देत नव्हता.

म्हणालो, "स्टॅक खाली कशाला नेलास?"

"तुला वर जागा पाहिजे होती."

"खरं सांग."

"खरं ते हेच. आन दुसरं खरं असं, तुझा भाऊ बोलला तवा मी हातातलं काम थांबवून ऐकायलो होतो. त्याचं न्हाई, तुझं. तू काय म्हणतोस ते. तू काहीच म्हणाला न्हाईस. मग म्हणलं, आपलं सामान आपल्याकडं असलेलं बरं. खोलीतलं बी आन मेमरीतलं बी."

"पण लाईटचा इशारा..."

"तुझ्याच नकाशात होतं, लाईट घसरली की थांबायचं, परत यायचं न्हाई. परत यायचंच नसलं तर पत्ता गेला काय आन ऱ्हायला काय. रॉम खिडकीत हाय तोवर बाकीचे इशारे मी थोपवले होते, लाईटचा तेवढा थोपवता येत न्हाई. तू परतीचं कवा घातलंस?"

"नोव्हेंबरात."

"मला कोण सांगणार?"

कुणीच नव्हतं सांगायला. दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो.

म्हणालो, "माझं चुकलं. आप्पापुढं बोलायला पाहिजे होतं." मग एका दमात सांगितलं की घर उचललंय, विहीर सोडली, खोली आता आपली, परत ये. मला वाटलं त्याचा चेहरा खुलेल.

तो म्हणाला, "मला इचारलं होतंस का?" आणि थांबून, "तिथं आता मी बसणार न्हाई, विलास. दोघांची दोघांची म्हणायचो, पर खोली तुझ्या घरातच होती की. कवा बी कुणी येऊन उठवलं असतं."

त्याची आई आतून म्हणाली, "चहा ठेवलाय." मला रडू येत होतं आणि रागही. विहीर गेली ना माझी.

निघताना म्हणाला, "फलकाचं करून देतो. आपलं नाव हाय त्याच्यावर. पुढचं काम सोबत करायचं आसंल तर ह्या बारीला वाटे मी पाडणार, उचलायचं तू. आन बसायचं हितं."

१९ जानेवारी

मि.ची नवी एप्रॉम आली. स्टॅक वर, होता तिथं. जागा होण्यासाठी मी माझे तक्ते खिडकीतल्या माझ्या बँकेत नेले, ते तिथं राहिले तर कुणाचं काही अडत नाही. आधीच न्यायला पाहिजे होते. दुपारभर बटण बंद-चालू करत बसलो. हात दुखला, फलक मेला नाही. 'तूर' शेवटपर्यंत तूरच राहिली.

सचिवांचा फोन लागला. मोंढा सोमवारी उघडणार, तोवरची मुदत दिली. वाटलं होतं आज नाचावं. नाचावंसं वाटलं नाही.

२१ जानेवारी, शुक्रवार

मि.चा कागद आला. पुढच्या कामाचा नकाशा, दोन वाटे, रेघा सरळ. कुठला उचलू म्हणून तासभर बघितलं, दोन्ही सारखेच बरे आहेत. वरचे सोळा के त्यानं मोकळे सोडलेत. खाली एवढंच लिहिलंय की उद्या सकाळी येऊन उचल, तिथून सोबत मानवतला जाऊ.

उद्या बावीस. सकाळच्या गाडीनं आप्पा येणार सह्यांना. ज्या घरासाठी विहीर सोडली त्या घरात मी नसणार, भीमनगरात बसलेलो असणार, तेही ह्या आठवड्यात. चौकातून जाताना वालूरचं कुणी ना कुणी भेटतंच. अजूनही आप्पाला म्हणता येईल की वाटे बदलू, विहीर दे. तो देईलही. मग मि.ला वाटेल की...

नंदाला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग विचारलं, "उद्या डबा भरू का?"

भर म्हणणार होतो. तेवढ्यात मि.च्या आईचा पेला आठवला. तिच्या घरात मी घरनं आणलेला डबा उघडून बसायचं?

म्हणालो, "डबा नको. तिथंच जेवेन."

नंदा म्हणाली, "मला चालंल. पण भावजी जेवायच्या वेळंला हितंच असतील. कुठं जेवायला गेलेत म्हणून इचारलं, तर मी सांगू का तुमी सांगून जाणार?"